नवीन फोर बाय फोर पिकअपला काय बसवायचं आणि कोणत्या क्रमाने

इसुझुची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स दारात आली की पहिल्याच आठवड्यात यादी तयार होते: लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सस्पेन्शन), मोठे टायर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), लोखंडी बंपर, छतावर लाइट बार. यातल्या बहुतेक वस्तू चांगल्याच असतात. गडबड होते ती क्रमाची. लिफ्ट आधी बसते, वजन नंतर वाढतं आणि सहा महिन्यांत गाडी मागून पुन्हा बसते. म्हणून खरेदीची सुरुवात दुकानातून करू नका, वजनकाट्यावरून करा.

वजनाचा हिशेब

टाकी फुल करा, हौदा रिकामा ठेवा आणि जवळच्या वजनकाट्यावर तीन वजनं घ्या: पूर्ण गाडीचं, फक्त पुढची चाकं काट्यावर असतानाचं आणि फक्त मागची चाकं असतानाचं. पुढच्या-मागच्या आकड्यांची बेरीज पूर्ण वजनाशी साधारण जुळली पाहिजे. दहा-वीस किलोचा फरक चालतो, शंभराचा आला तर पुन्हा काटा करा. मग आरसी किंवा गाडीवरच्या प्लेटवरचं एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, यातून काट्यावरचं वजन वजा करा. उरलं ते तुमचं भांडवल, आणि माणसांचं वजनही त्यातच धरायचं असतं.

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा, फरक 450 किलो आला. 75 किलोची पाच माणसं बसली की 375 किलो संपले. उरलेल्या 75 किलोत सामान, पाणी आणि तुम्ही बसवणार ती प्रत्येक वस्तू बसवायची आहे. पोलादी बंपर साधारण 50 ते 60 किलोचा, लोखंडी दोराची विंच 40 च्या आसपास, स्लायडरची (दारांखालच्या मजबूत संरक्षक दांड्यांची) जोडी तेवढीच, छतावरचा तंबू 50 ते 70. नुसती बेरीज केली तरी यादी आपोआप लहान होते.

वजन कुठे पडतं याला किलोइतकंच महत्त्व आहे. या गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सुमारे 3.1 मीटर. मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे 100 किलो ठेवले तर मागच्या अ‍ॅक्सलवर 132 किलो वाढतात आणि पुढचा अ‍ॅक्सल 32 किलोने हलका होतो. ओल्या घाटात गाडी वळणावर सरळ निघू पाहते, स्टिअरिंग हलकं लागतं, त्याचं एक कारण हेच. जड सामान केबिनच्या भिंतीला टेकवून आणि खाली ठेवा. पाण्याचे कॅन हौद्याच्या टोकाला, फळकुटाशी बांधण्याची पद्धत सोडून द्या.

टायर

सगळ्यात जास्त फरक टायर पाडतात, म्हणून पैसे आधी इथे घाला. कंपनीचे रस्त्याचे टायर पावसात लाल मातीवर पहिल्या दहा मीटरमध्येच गुळगुळीत होतात. उपाय ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या टायरचा. मड टेरेन तेवढ्यासाठी घेऊ नका: चिखलात ते सरस असतात, पण ओल्या डांबरावर त्यांचं ब्रेकिंग कमी पडतं, आवाज जास्त येतो, आणि महाराष्ट्रात बहुतेकांची गाडी वर्षाचा मोठा काळ डांबरावरच धावते.

साइज वाढवण्याआधी गणित करून बघा. व्ही-क्रॉसच्या 255/60 आर18 टायरचा व्यास 763 मिलिमीटर, 265/60 आर18 चा 775. म्हणजे गाडी उचलली जाते फक्त 6 मिलिमीटर, आणि स्पीडोमीटरचा काटा 100 दाखवत असताना आधीच्यापेक्षा सुमारे दीड टक्का जास्त वेगाने धावते. एवढा बदल निभतो. पण फक्त टायर बदलून 25 मिलिमीटर उंची हवी असेल तर व्यास 50 ने वाढवावा लागतो. तेव्हा सगळे गिअर साडेसहा टक्क्यांनी लांब होतात, चढावर क्लच जास्त जळतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला घासतो. घासतो की नाही ते सपाट जागेवर कळत नाही. एक पुढचं चाक दगडावर चढवून, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

टायरच्या भिंतीवरचा लोड इंडेक्स, म्हणजे भार पेलण्याचा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. 112 म्हणजे एका टायरला 1120 किलो, 109 म्हणजे 1030. आणि पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, त्याच साइजची घ्या. या गाड्यांचं फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा सेंटर डिफरन्शियल मध्ये नसतो. एकाच चाकाचा व्यास वेगळा असेल आणि फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) पकड असलेल्या रस्त्यावर गाडी चालली, तर तो फरक ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी) आणि शाफ्टला सोसावा लागतो. मोठी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसते का, तेही पैसे देण्याआधी मोजा.

हवा काढायला गेज, भरायला कॉम्प्रेसर

टायरनंतरची खरेदी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची: चांगला प्रेशर गेज आणि 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा डांबरासाठी आहे. दगडी-खड्ड्यांच्या वाटेवर 25 पीएसआयच्या आसपास, मऊ वाळूत 16 ते 18. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबीने वाढतो, पकड वाढते आणि दगडाचा मार टायर पोटात घेतो. 18 च्या खाली गेल्यावर मात्र वेग 20-25 च्या वर नको आणि झटक्याने वळण नको, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबरावर परतण्याआधी हवा भरलीच पाहिजे. कमी हवेत वेगाने चाललेला टायर भिंतीतून तापतो आणि फुटतो.

लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर या टायरांना पुरत नाहीत. सॉकेटचा फ्यूज सहसा 10 ते 15 अँपियरचा असतो, आणि चार मोठे टायर पटापट भरणारा कॉम्प्रेसर 30 च्या वर खेचतो. क्लिपने थेट बॅटरीवर लागणारा घ्या आणि इंजिन चालू ठेवून वापरा. (गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, कोकणातही कासवांची घरटी असलेल्या वाळूवर गाडी नेऊ नका.)

रुतलेली गाडी काढण्याचं सामान

विंचच्या आधी हे. खोरं, ट्रॅक्शन बोर्डची (चाकाखाली घालायच्या खाचदार पाट्यांची) एक जोडी, 9 मीटरचा कायनेटिक, म्हणजे ताणला जाणारा दोर आणि दोन रेटेड शॅकल (दोर अडकवायच्या पिनच्या कड्या). एकटी गाडी जास्तीत जास्त वेळा खोरं आणि बोर्डवरच निघते, कारण चाकापुढची माती काढून हवा कमी केली की ओढायची गरजच उरत नाही. दोराची तुटण्याची क्षमता गाडीच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन पट असावी. तीन टनाच्या आसपासच्या गाडीला 8-9 टनाचा दोर. शॅकलवर 4.75 टन वर्किंग लोडचा ठसा हवा. ठसा नसलेली शॅकल कितीही जाड असली तरी घेऊ नका. पिन पूर्ण आवळून पाव वेढा मागे फिरवा, म्हणजे ताण आल्यावर ती अडकत नाही.

दोर कुठे लावायचा याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पुढच्या बाजूला खाली दिसणारी कडी अनेकदा गाडी ट्रेलरवर बांधण्यासाठी असते, झटक्याने ओढण्यासाठी नाही. मॅन्युअलमध्ये तिचा उपयोग वाचा, आणि शंका असेल तर चेसिसला बोल्टने बसणारे रेटेड रिकव्हरी पॉइंट घ्या. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर कधीही लावायचा नाही. कायनेटिक दोर ताणला की त्यात साठलेली ताकद गोळा तोडून तो गोळीसारखा समोरच्या काचेत घालते. यात माणसं दगावलेली आहेत. दोरावर जड गोणपाट टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट अंतराबाहेर उभं करा.

विंच घ्यायचीच असेल तर गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट क्षमतेची. 9500 पाउंड म्हणजे सुमारे 4300 किलो, पण ही क्षमता ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थरावर मिळते. बाहेरच्या प्रत्येक थरावर ती घटत जाते. स्नॅच ब्लॉक (दोर फिरवून आणायची कप्पी) सोबत घेतला की एकाच विंचने जवळपास दुप्पट ओढता येतं. एकट्याने दूरवर न जाणाऱ्याला विंचची गरज सहसा पडत नाही. तेच 40 किलो दुसऱ्या कामी येतात.

खालचे गार्ड आणि पाणी

जांभ्या दगडाच्या कोकणी वाटांवर इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसखाली गार्ड हवेत: 3 ते 4 मिलिमीटर पोलाद किंवा 6 मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम. ऑइल बदलायला भोक नसेल तर दर सर्व्हिसला पूर्ण प्लेट काढावी लागते, म्हणून ते बघूनच घ्या. शोरूममधली पायरी म्हणजे स्लायडर नव्हे. स्लायडर चेसिसला बसतो आणि त्याखाली जॅक लावून गाडी उचलता येते. पायरीवर गाडी टेकली तर ती दाराची चौकट घेऊन वर येते.

स्नॉर्कल (इंजिनासाठी छताजवळून हवा घेणारी नळी) बसवला म्हणजे गाडी पाण्यात चालते, हा गैरसमज महागात पडतो. इंजिनात पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि स्नॉर्कल फक्त तेवढ्यापासून वाचवतो. पुढच्या-मागच्या डिफ (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायच्या नळ्या खालीच राहिल्या तर गरम डिफ थंड ओढ्यात शिरताच त्यातली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. ऑइल दुधासारखं पांढरं होतं, बेअरिंग जातात. ब्रीदर बॉनेटखाली उंच नेण्याचं काम काही मीटर नळी आणि फिल्टरमध्ये होतं. स्नॉर्कलआधी ते करा. स्नॉर्कल बसल्यावर धुळीच्या रस्त्यावर थोडे दिवस चालवून एअर फिल्टरच्या पेटीत, फिल्टरच्या इंजिनाकडच्या बाजूला पांढरं फडकं फिरवा. धूळ लागली तर जोड गळतोय, आणि जिथून धूळ येते तिथून पाणीही येईल.

सस्पेन्शन सगळ्यात शेवटी

वर ठरलेलं सगळं बसल्यावर गाडी पुन्हा काट्यावर न्या. आता पुढचा आणि मागचा आकडा घेऊन सस्पेन्शनवाल्याकडे जा. चांगल्या किटमध्ये मागचे पाटे कायमच्या भारानुसार वेगवेगळे मिळतात. 300 किलोच्या भारासाठीचे पाटे रिकाम्या हौद्याखाली घातले तर मागची चाकं खड्ड्यावर उड्या मारतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतात. पुढे विंच-बंपर नसेल तर पुढची स्प्रिंगही जड नको.

उंची 40 ते 50 मिलिमीटरवर थांबवा. त्याच्या पुढे पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, त्यांचे रबरी बूट फाटतात, कॅस्टर-कॅम्बर (चाकांचे कलते कोन) दुरुस्तीच्या पट्ट्याबाहेर जातात, आणि दोन तुकड्यांच्या प्रॉपेलर शाफ्टमध्ये गाडी निघताना थरथर सुरू होते. पाटे जड झाले किंवा गाडी उंच झाली म्हणून जीव्हीडब्ल्यू वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल आणि चेसिस तेच आहेत.

फिटिंग करताना समोर उभं राहून एक गोष्ट बघाच. पाट्यांच्या बुशचे (रबरी जोडांचे) आणि पुढच्या खालच्या आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना फक्त हाताने घट्ट असावेत. शेवटचा टॉर्क गाडी चारही चाकांवर उभी करून, दोनदा दाबून हलवल्यावर द्यायचा. लटकत्या गाडीत आवळला तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग मालक किटला नावं ठेवतो. पाटे बांधणारे यू-बोल्ट नवेच हवेत, जुने ताणलेले असतात. त्याच दिवशी अलाइनमेंट करा, हेडलाइटचा झोत खाली आणा, आणि चाक पूर्ण खाली लटकवून ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणत नाही ना ते तपासा. गाडीसोबतचा जॅक आता पुरेसा उंच जात नाही. त्याखाली 18 मिलिमीटर प्लायवुडचा एक फूट चौकोनी तुकडा ठेवा.

दिवे

120 वॉटचा दिवा 12 व्होल्टला 10 अँपियर घेतो. त्याला 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, रिले आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात 15 अँपियरचा फ्यूज. हेडलाइटच्या वायरला चिरा देऊन जोडू नका. शोरूमला वॉरंटी नाकारायला तेवढं कारण पुरतं. आंबोली किंवा ताम्हिणीच्या धुक्यात छतावरचा बार पांढरी भिंत उभी करतो, कारण डोळ्यांजवळून गेलेला उजेड धुक्यावरून थेट परत येतो. बंपरमध्ये खाली बसणारे, वर कापलेल्या झोताचे फॉग लॅम्प तिथे उपयोगी. आणि रस्त्यावर जादा दिव्यांना टोपी घालून ठेवा.

कायदा, विमा, वॉरंटी

कुठेही ऑर्डर देण्याआधी हे वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलापासून वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. पुढचा लोखंडी बार पादचाऱ्याला जास्त इजा करतो आणि धडकेचा धक्का चेसिसला वेगळ्या वाटेने देऊन एअरबॅगची वेळ चुकवू शकतो. म्हणून बंपर, लिफ्ट, मोठे टायर आणि कॅनोपीबद्दल (हौद्यावरच्या टपाबद्दल) आधी आरटीओत विचारा. रिकव्हरीचं सामान, कॉम्प्रेसर, कंपनीच्या साइजचे ऑल टेरेन टायर यांना यातलं काहीच अडवत नाही.

ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यूनिंग आणि एक्झॉस्ट बदलणं बीएस-6 गाडीत टाळा: वॉरंटी आणि पीयूसी दोन्ही गोत्यात येतात.

बसवलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि पॉलिसीत नोंद झालेला कागद घ्या. नोंद नसलेल्या वस्तूची भरपाई मिळत नाही, उलट पूर्ण क्लेमच अडकू शकतो. पहिली फ्री सर्व्हिस कंपनीच्या अवस्थेतच करून घ्या. मूळ पाटे, शॉकअप आणि टायर विकू नका. फिटिंगनंतर 500 किलोमीटरला यू-बोल्ट, शॉकअपचे बोल्ट, स्लायडर आणि गार्डचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि प्रत्येकावर रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी गाडीखाली डोकावलं की सैल झालेला नट रेघ तुटलेली दाखवतो.