व्हॉल्व्हचा गिटार अँप: हम घालवताना या चुका टाळा

पुण्यात व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, गिटार अँप स्वतःच्या हाताने बांधू पाहणारा माणूस बहुधा फेंडर या अमेरिकी कंपनीच्या ५एफ१ चँप या छोट्या अँपच्या आराखड्यापासून सुरुवात करतो, आणि ही निवड योग्यच आहे. गिटारचा सिग्नल वाढवणारा एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह, स्पीकर चालवणारा एक ६व्ही६, रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) म्हणून ५वाय३, मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर, एवढ्यावर सुमारे पाच वॅटचा देखणा आवाज मिळतो. खरी अडचण अँप सुरू झाल्यावर उभी राहते. स्पीकरमधून हम, म्हणजे सततची घुमणारी गुणगुण, येते, ती त्याच रात्री घालवायचा हट्ट धरला जातो आणि पुढची सगळी मोडतोड त्या हट्टातून होते. माझ्या टेबलावर दुरुस्तीसाठी येणाऱ्या घरगुती अँपांमध्ये मूळ जोडणीतल्या चुकांपेक्षा हमवर केलेल्या उपायांचे नुकसान अधिक असते.

यांतला सर्वांत वाईट उपाय म्हणजे प्लगची अर्थची पिन काढून टाकणे. त्याने हम कधीकधी खरोखरच कमी होते, म्हणून तो टिकून आहे. पण गिटारच्या तारा केबलमार्फत चासीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. उद्या आतली फेजची तार सुटून चासीला टेकली, तर अर्थ नसल्यामुळे फ्यूज उडणार नाही आणि वादकाचे ओठ अर्थ असलेल्या माइकला लागताच तो प्रवाह त्याच्या शरीरातून जाईल. पेठांतल्या जुन्या वाड्यांत तीन भोकांचे सॉकेट असते, पण त्यामागे अर्थची तार असेलच असे नाही, म्हणून अँप बांधण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. दोन उपकरणे जोडल्यावरच हम येत असेल, तर ती प्रथम एकाच बोर्डावर लावून पाहावीत. पिन मात्र जागच्या जागी राहू द्यावी.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे, ती म्हणजे हम आली की फिल्टर कपॅसिटर (रेक्टिफायरनंतरची वीज सपाट करणारा) मोठा करणे. कोथरूडच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्याचा चँप माझ्याकडे पिशवीतून आणला, तेव्हा पिशवी उघडण्याआधीच जळलेल्या वार्निशचा वास आला. मूळ आराखड्यात पहिला फिल्टर कपॅसिटर १६ मायक्रोफॅरडचा आहे. त्याने तिथे १०० चा बसवला होता. व्हॉल्व्ह रेक्टिफायरला एवढा मोठा कपॅसिटर चार्ज करताना लागणारा प्रवाहाचा झटका सोसत नाही. ५वाय३ मध्ये ठिणगी पडली आणि फ्यूज उडाला. इथे थांबला असता तर एका व्हॉल्व्हवर भागले असते. त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली आणि अँप पुन्हा सुरू केला. शॉर्ट झालेल्या रेक्टिफायरने पॉवर ट्रान्सफॉर्मरचे हाय व्होल्टेजचे वाइंडिंग जाळले, म्हणजे अँपमधली सर्वांत महाग वस्तू गेली. नवा ट्रान्सफॉर्मर वाइंड करून आल्यावर मी मूळ १६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला, तर हम जशीच्या तशी होती. हीटरचे, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचे, ६.३ व्होल्टचे वाइंडिंग ग्राउंडला कुठेच जोडलेले नव्हते. त्याच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडपर्यंत १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लावताच हम ऐकू येण्याच्या खाली गेली. दोन रेझिस्टर!

हम कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखावे, आणि गिटारवादकाला त्यासाठी ऑसिलोस्कोप लागत नाही. गिटार अँपला न जोडता सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबून छेडावा. तो सूर ९८ हर्ट्झचा असतो. हम त्याच्याशी जवळजवळ जुळत असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे रेक्टिफायरनंतरच्या फिल्टरची. एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झची, म्हणजे हीटर, ग्राउंड किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली एखादी तार. अमेरिकी लेखांत ६० आणि १२० हे आकडे असतात, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची आहे. ते वाचून इथे कान लावू नये. मग अँप बंद करून १२एएक्स७ काढावा आणि पुन्हा ऐकावे. हम तरीही कायम असेल, तर दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा ६व्ही६ च्या टप्प्यात आहे. शिवाय चँपमध्ये आउटपुटला एकच व्हॉल्व्ह असल्यामुळे पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने चालवणाऱ्या) अँपसारखी रिपल, म्हणजे डीसीत उरलेली लहर, आपसांत कटत नाही, म्हणून थोडी हम राहणारच.

अमेरिकेतून मागवलेल्या किटचा ट्रान्सफॉर्मर फक्त १२० व्होल्टचा नाही ना, हे खोक्यावर नव्हे, ट्रान्सफॉर्मरवरच वाचावे. २२० व्होल्टची प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरचे घरच्या विजेला जोडायचे वाइंडिंग) असली तरी घरात २४५ व्होल्ट येत असतील, तर हीटरला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट मिळतात आणि व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. पहिल्यांदा वीज देताना मी नेहमी ६० वॅटच्या पिवळ्या (फिलामेंटच्या) बल्बची सिरीज लावतो, म्हणजे वीज बल्बमधून होऊनच अँपमध्ये जाते. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे. तापकीर गल्लीत होल्डर, बल्ब आणि सॉकेट तिन्ही मिळतात, त्यामुळे ‘सिरीज बोर्ड नव्हता’ ही सबब मी ऐकून घेत नाही.

प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट उरलेले असू शकतात. ते स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नयेत; १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवावेत आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नये. स्पीकर न जोडता अँप वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. सुरू करताच कर्कश किंकाळी आली, तर घाबरून व्हॉल्व्ह बदलू नयेत. बहुधा फीडबॅक (आउटपुटमधून मागे आणलेला सिग्नल) उलटा बसलेला असतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या वाइंडिंगच्या) दोन तारांची अदलाबदल करावी. जुन्या बाजारातून रेडिओचे व्हॉल्व्ह खुशाल आणावेत, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणू नयेत.

राहता राहिले मॉडिफिकेशन. अँप धड वाजू लागण्याआधीच कॅथोडचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, फीडबॅकचा २२ किलोओहमचा रेझिस्टर आणि कपलिंग कपॅसिटर एकाच बैठकीत बदलले जातात, आणि आवाज बिघडल्यावर तो कशाने बिघडला हे कोणालाच सांगता येत नाही. माझी सवय अशी की आधी मूळ आराखडा तंतोतंत उभा करायचा, प्रत्येक पिनवरचा व्होल्टेज कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या आत चिकटवायचा, आणि मग एका वेळी एकच भाग बदलायचा. बहुतेकांनी फीडबॅकचा रेझिस्टर एका बाजूने सोडवून सुरुवात करावी. अँप मोठा आणि खरबरीत वाजू लागतो, आणि आवडला नाही तर एका सोल्डरमध्ये परत येता येते. काढलेला भाग त्याच कागदाखाली टेपने चिकटवून ठेवावा.