कोअरबूटमध्ये पहिला सेटअप पर्याय घालताना

कोअरबूट म्हणजे संगणक सुरू करणारं मुक्त-स्रोत फर्मवेअर. त्याकडे वळणाऱ्या बऱ्याच नवख्यांच्या मनात पहिली इच्छा एकच असते: तयार बायॉसमध्ये असतो तसा सेटअप मेन्यू आपल्या बोर्डालाही हवा. माझीही सुरुवात तिथूनच झाली. पुढे या कामात मुरल्यावर एक गोष्ट पक्की बसली आणि ती सुरुवातीलाच कळावी म्हणून हे लिहिते आहे. मेन्यू हा या कामातला सगळ्यात सोपा आणि शेवटी करायचा भाग आहे. खरा पर्याय म्हणजे तो वाचणारा कोड: किंमत (पर्यायात साठवलेला आकडा) कुठून वाचायची, बूटच्या कोणत्या क्षणी वाचायची आणि ती मिळालीच नाही तर काय करायचं. एवढं ठरलं की पर्याय तयार झाला, मग मेन्यू असो वा नसो.

थोडी पार्श्वभूमी लागेल. १९९९ साली लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी हा प्रकल्प लिनक्सबायॉस या नावाने सुरू केला. २००८ मध्ये त्याचं नाव कोअरबूट झालं. मूळ विचार आजही तोच आहे: फर्मवेअरने हार्डवेअर उभं करण्यापुरतं काम करायचं आणि पुढची सूत्रं पेलोडच्या, म्हणजे त्यानंतर चालणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती द्यायची. सीबायॉस, ग्रब, ईडीके२, लिनक्स कर्नल यांपैकी काहीही पेलोड म्हणून चालतं. क्रम असा: बूटब्लॉक, मग रॅम सुरू करणारी रॉमस्टेज, मग बाकी उपकरणं जागी करणारी रॅमस्टेज आणि शेवटी पेलोड. याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. मेन्यू दाखवणारा पेलोड सगळ्यात शेवटी येतो आणि पर्याय वाचणारा कोड त्याच्या कितीतरी आधी चालून गेलेला असतो. निवडणारा एक प्रोग्राम, वाचणारा दुसरा, आणि मध्ये एक रीस्टार्ट. हे अंतर डोक्यात पक्कं ठेवा, पुढचे निम्मे घोळ तिथेच टळतात.

प्रत्येक गोष्ट चालू मशीनवर बदलता यायला हवी असंही नाही. कोअरबूटने लिनक्स कर्नलची केकॉन्फिग पद्धत घेतली आहे. 'मेक मेन्यूकॉन्फिग' चालवलं की दिसतात ते पर्याय बिल्डच्या वेळी गोठतात. कोणता बोर्ड, कोणता पेलोड, सिरियल कन्सोल हवा की नको, हे तिथे ठरतं. नवा पर्याय सुचला की मी आधी विचारते: मशीन वापरणाऱ्याला हे फर्मवेअर पुन्हा न बनवता बदलावंसं वाटेल का? उत्तर नाही असेल तर केकॉन्फिग पुरे. उत्तर 'कोणालाच बदलावंसं वाटणार नाही' असं असेल तर पर्यायच नको, योग्य किंमत कोडमध्ये लिहून मोकळं व्हावं. प्रत्येक पर्यायामागे तपासायच्या स्थितींची संख्या वाढते आणि ते ओझं पुढची अनेक वर्षं कोणीतरी वाहत असतं.

शिकण्यासाठी मला सगळ्यात आवडणारं उदाहरण थिंकपॅडचं आहे. एक्स२३० सारख्या मॉडेलवर कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात एफएन असतं आणि कंट्रोल त्याच्या उजवीकडे. अनेकांना हे उलट हवं असतं. त्यासाठी 'एफएन_सीटीआरएल_स्वॅप' नावाचा पर्याय आहे. लेनोव्होच्या एच८ एम्बेडेड कंट्रोलरच्या (कीबोर्ड वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या चिपच्या) ड्रायव्हरमध्ये तो 'गेट_यूइंट_ऑप्शन' या फंक्शनने वाचला जातो आणि त्यानुसार कंट्रोलरच्या रजिस्टरमधला एक बिट चढवला किंवा उतरवला जातो. बस, एवढंच. या फंक्शनला दोन गोष्टी द्याव्या लागतात: पर्यायाचं नाव आणि फॉलबॅक, म्हणजे किंमत न मिळाल्यास वापरायचा आकडा. नवख्याने हा कोड शोधून नावापासून हार्डवेअरच्या बिटापर्यंतची साखळी स्वतः वाचून काढावी. कोणत्याही लेखापेक्षा हे अधिक शिकवतं.

आता किंमत कुठे राहते ते पाहू. इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण बारकावे इथेच आहेत.

जुनी आणि अजूनही वापरात असलेली जागा म्हणजे सीमॉस रॅम. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप होती. तिच्यात ६४ बाइट होते, त्यातले १४ घड्याळ आणि नियंत्रणासाठी. उरलेल्या जागेत मशीनच्या सेटिंग्ज बॅटरीच्या आधारावर टिकत. आजच्या चिपसेटमध्ये साधारण २५६ बाइट मिळतात, म्हणजे जागा अजूनही बिटांनीच मोजायची. कोअरबूटमध्ये सीमॉस पर्याय वापरणाऱ्या बोर्डाची 'सीमॉस.लेआउट' नावाची फाइल असते. तिच्यातली ओळ अशी दिसते: '३९५ ४ ई ६ डीबग_लेव्हल'. अर्थ असा की ३९५ व्या बिटापासून ४ बिट, प्रकार ई म्हणजे ठरावीक किमतींची यादी, त्या यादीचा क्रमांक ६ आणि शेवटी नाव. एकाहून अधिक बाइट व्यापणारी नोंद बाइटच्या सीमेवरच सुरू व्हावी लागते. सोबतच्या 'सीमॉस.डिफॉल्ट' फाइलमध्ये मूळ किमती असतात. चेकसम (बिट बिघडले का ते तपासण्यासाठी साठवलेली बेरीज) जुळला नाही तर, ही फाइल रॉममध्ये घातलेली असल्यास, तिच्यातल्या किमती पुन्हा भरल्या जातात. ऑपरेटिंग सिस्टिममधून 'एनव्हीरॅमटूल' वापरून हे सगळं वाचता-लिहिता येतं, म्हणजे मेन्यू नसतानाही पर्याय पूर्ण कामाचा असतो.

यातला खरा पेच अपग्रेडच्या वेळी येतो. समजा, तुम्ही लेआउटमध्ये एका रिकाम्या बिटावर नवा पर्याय घातला: ब्लूटूथ, १ म्हणजे चालू. सीमॉस.डिफॉल्टमध्ये १ लिहिलं, वाचणाऱ्या कोडमध्ये फॉलबॅकही १ दिला. नव्या मशीनवर सगळं छान चालतं. पण ज्याच्या मशीनवर आधीपासून कोअरबूट आहे, त्याच्या सीमॉसमधले बिट आणि त्यांचा चेकसम जुनेच आहेत. चेकसमची व्याप्ती बदलली नसेल तर तो बरोबरच ठरतो, कारण तो बिटांचा आहे, लेआउटच्या अर्थाचा नाही. त्यामुळे डिफॉल्ट पुन्हा भरले जात नाहीत. नाव लेआउटमध्ये सापडतं, म्हणून फॉलबॅकही लागू होत नाही. त्या बिटात बहुधा शून्य असतं आणि त्या माणसाचं ब्लूटूथ अपग्रेडनंतर मुकाट बंद पडतं. म्हणून माझा आग्रह असतो की सीमॉसमधल्या नव्या पर्यायात शून्याचा अर्थ नेहमी 'आजवर होतं तसंच' असा ठेवावा. याच कारणाने यादीतल्या किमतींचा क्रम कधीही बदलू नये. 'पॉवर_ऑन_आफ्टर_फेल' या पर्यायात वीज गेल्यावर मशीन बंदच ठेवा, सुरू करा किंवा आधीच्या स्थितीत न्या अशा तीन किमती आहेत. साठतो तो फक्त आकडा. कोणी यादी नीटनेटकी करायला गेलं तर जगभरच्या मशीनवर साठलेल्या आकड्यांचे अर्थ एका कमिटने (कोडमध्ये नोंदवलेल्या एका बदलाने) बदलतील.

नवी वाट नावानिशी साठवण्याची आहे. फ्लॅश चिपमधल्या राखीव भागात यूईएफआय (आधुनिक फर्मवेअरचं प्रमाण) व्हेरिएबलच्या रूपात किमती ठेवायच्या. लिहिण्याचं काम एसएमएमस्टोअर ही सोय सिस्टिम मॅनेजमेंट मोडमधून (प्रोसेसरच्या, ऑपरेटिंग सिस्टिमपासून वेगळ्या अवस्थेतून) करते. इथे नसलेलं व्हेरिएबल खरोखरच नसतं, त्यामुळे फॉलबॅक जसा लागू व्हायला हवा तसा होतो. या व्यवस्थेवर सीएफआर उभं आहे, म्हणजे कोअरबूट फॉर्म रिप्रेझेंटेशन. बोर्डाच्या कोडमध्ये प्रत्येक पर्यायाचं अंतर्गत नाव, दिसणारं नाव, मदतीचा मजकूर, मूळ किंमत आणि शक्य त्या किमती लिहायच्या, त्यांचे गट करायचे. ही सगळी माहिती कोअरबूट टेबलमधून पेलोडला मिळते आणि पेलोड तिच्यावरून मेन्यू रंगवतो. स्टार लॅब्सच्या लॅपटॉपचा कोअरबूटमधला कोड उघडलात तर हे कसं लिहितात ते दिसेल. बूल, संख्या आणि यादी यांच्यासाठी तयार मॅक्रो आहेत, त्यामुळे लिहिणं अवघड नाही. जपायचं ते एवढंच: फॉर्ममधली मूळ किंमत आणि वाचणाऱ्या कोडमधला फॉलबॅक एकाच ठिकाणाहून यायला हवेत. दोन्हीकडे हाताने आकडे लिहिले की कधीतरी मेन्यू एक दाखवतो आणि मशीन दुसरंच करतं.

मदतीच्या मजकुराबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगते. 'हायपरथ्रेडिंग चालू किंवा बंद करते' या वाक्याने वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. काय बदलेल, का बदलावंसं वाटेल आणि त्या बदल्यात काय गमवावं लागेल, हे दोन ओळींत लिहा. मेन्यूसमोर बसलेल्या माणसाकडे त्या क्षणी इंटरनेट नसण्याची शक्यता मोठी असते.

किंमत कधी वाचली जाते याचाही विचार हवा. एफएन-कंट्रोलची अदलाबदल रॅमस्टेजमध्ये होते, चुकली तरी मशीन सुरू होतं. ग्राफिक्ससाठी किती रॅम राखायची हे ठरवणारा 'जीएफएक्स_यूएमए_साइझ' मात्र रॉमस्टेजमध्ये, रॅम सुरू होतानाच लागतो. त्याने रॅमचा सगळा नकाशा बदलतो. आता कल्पना करा: कोणी चालू मशीनवर एनव्हीरॅमटूलने तो बदलला आणि रीस्टार्ट न करता लॅपटॉप झोपवला. एस३ मधून, म्हणजे त्या झोपेतून, उठताना फर्मवेअर नवी किंमत वाचणार, पण झोपण्यापूर्वीचा नकाशा जुना आहे. असे पर्याय पहिल्या पॅचसाठी (प्रकल्पाला पाठवायच्या पहिल्या बदलासाठी) घेऊ नका. मर्यादेबाहेरची किंमत आली तर काय, हे तर प्रत्येक ठिकाणी तपासायचंच. साठवलेला आकडा म्हणजे बाहेरून आलेला डेटा, त्यावर डोळे झाकून विश्वास नको.

सुरक्षेशी संबंधित निर्णय सीमॉसवर कधीच सोपवू नयेत. रूट अधिकार असलेला कोणताही प्रोग्राम तिथे लिहू शकतो आणि चेकसमही नीट करून ठेवू शकतो.

सरावासाठी बोर्ड विकत घ्यायची गरज नाही. केकॉन्फिगमध्ये क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामचा क्यू३५ बोर्ड निवडा, बिल्ड करा आणि तयार झालेली 'कोअरबूट.रॉम' क्यूईएमयूत सुरू करून सिरियल लॉग वाचत बसा. सीमॉसची चाचणी घेताना लक्षात असू द्या की क्यूईएमयू बंद केलं की त्याचं सीमॉसही जातं. आतूनच रीस्टार्ट केलंत तर टिकतं. व्हेरिएबल स्टोअरसाठी रॉमची फाइल पीफ्लॅश (आभासी फ्लॅश चिप) म्हणून जोडा, मग लिहिलेलं फाइलमध्येच राहतं. खऱ्या मशीनवर जाण्यापूर्वी मूळ फर्मवेअर फ्लॅशरॉमने (फ्लॅश चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या साधनाने) दोनदा वाचून दोन्ही प्रती एकसारख्या आहेत याची खात्री करा आणि त्या मशीनबाहेर जपून ठेवा. बाहेरचा प्रोग्रामर, म्हणजे चिपवर बाहेरून लिहिणारं उपकरण, जवळ असल्याशिवाय प्रयोग करू नका. चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ ची, हे आधी पाहा. सीएच३४१ए या प्रोग्रामरचे काही स्वस्त बोर्ड डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतात, त्यांनी चिप जाऊ शकते. मशीन सुरू झाल्यावर 'सीबीमेम' साधनाने बूटचा पूर्ण लॉग मिळतो. तुमच्या पर्यायाची वाचलेली किंमत लॉगमध्ये छापून घेतलीत तर पुढे तुमचाच वेळ वाचेल.

पॅच गेरिटवर, म्हणजे कोड तपासण्याच्या संकेतस्थळावर, जातो. कमिटला साइन्ड-ऑफ-बाय (बदल देण्याचा हक्क आहे अशी ग्वाही देणारी) ओळ लागते, जेनकिन्स हा स्वयंचलित प्रोग्राम सगळे बोर्ड बिल्ड करून पाहतो आणि क्षुल्लक नसलेला बदल निदान २४ तास परीक्षणासाठी खुला ठेवण्याची रीत आहे. कमिट संदेशात कोणत्या बोर्डावर, कोणत्या पेलोडसह, कोणत्या किमती देऊन तपासलं ते स्पष्ट लिहा. परीक्षक बारीक प्रश्न विचारतात. 'हा पर्याय का हवा?' हा प्रश्न आला तर तो नकार समजू नका, त्याचं चांगलं उत्तर बहुतेक वेळा कमिट संदेशातच जायला हवं होतं असं दिसतं. काही वेळा उत्तर शोधताना पर्यायाची गरजच नव्हती हे कळतं आणि पॅच छोटा होतो.

नोकरीच्या अंगानेही हे काम मोलाचं आहे. क्रोमबुकचं फर्मवेअर कोअरबूटवर आहे, सिस्टिम७६, प्युरिझम, स्टार लॅब्स यांसारख्या कंपन्या ते लॅपटॉपवर देतात, आणि ३एमडेब, ९एलिमेंट्स यांसारख्या कंपन्यांचा सल्लागारीचा व्यवसायच यावर चालतो. गेरिटवरचं तुमचं काम आणि परीक्षकांशी झालेला संवाद सगळ्यांना उघड दिसतो. मुलाखतीत त्यावर बोलता येणं हे प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतं. त्यासाठी सी चांगली यायला हवी, बिटांची गणितं हाताने करता यायला हवीत आणि डेटाशीट वाचायचा कंटाळा नको. असेंब्ली वाचता आली तर उत्तम, पण तिच्यासाठी थांबू नका.

पहिल्या पॅचसाठी माझा सल्ला असा आहे. तुमच्याकडे असलेला किंवा क्यूईएमयूवर चालणारा बोर्ड घ्या आणि त्याच्या लेआउटमधला प्रत्येक पर्याय खरोखर कुठे वाचला जातो ते ग्रेपने (फाइलींमध्ये शब्द शोधणाऱ्या आज्ञेने) शोधा. दुसऱ्या बोर्डाची फाइल उचलताना आलेला, कोणीच न वाचणारा पर्याय सापडू शकतो. तो काढण्याचा पॅच पाठवा आणि त्याचे बिट मोकळे न करता राखीव म्हणून नोंदवा, म्हणजे उद्या कोणी तिथे नवा पर्याय बसवून जुन्या मशीनवरचा आकडा चुकीच्या अर्थाने वाचणार नाही.