एसक्यूएल फंक्शनच्या या चुका टाळा, आणि एरर घालवायला इम्म्युटेबल लिहू नका

बेळगाव, चिकोडी, निपाणी भागातल्या दूध डेअऱ्यांच्या प्रोग्रॅमचं काम मी बरीच वर्षं करतोय. नवीन पोरांच्या एसक्यूएल क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, बघताना त्याच त्याच चुका परत समोर येतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. उदाहरणं पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत, मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस जिथं वेगळं वागतो तिथं सांगतो.

आधी मला सगळ्यात जास्त छळलेली चूक. पोस्टग्रेसमधे फंक्शन लिहिताना त्याचं उत्तर किती बदलू शकतं ते सांगावं लागतं, व्होलाटाइल (कधीही बदलेल), स्टेबल (एका क्वेरीपुरतं तेच राहील) की इम्म्युटेबल. काहीच लिहिलं नाही तर व्होलाटाइल धरतात. इम्म्युटेबल म्हणजे आपण डेटाबेसला शब्द देतो की तेच इनपुट दिलं तर कधीही तेच उत्तर येणार, आणि डेटाबेस त्या शब्दावर चालतो, तो खरा का खोटा हे तपासत बसत नाही. आता होतं काय, कुणीतरी स्वतःच्या फंक्शनवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) टाकायला जातो, एरर येते की इंडेक्समधलं फंक्शन इम्म्युटेबलच पाहिजे, मग ती एरर सर्चमधे टाकायची, पहिलं उत्तर वाचायचं, स्टेबल खोडून इम्म्युटेबल लिहायचं, एरर गेली की उठायचं. ती एरर तुम्हाला अडवायला नाही, वाचवायला आली होती.

आमच्याकडे गावाचा आयडी दिला की तालुका देणारं असंच एक फंक्शन होतं, आत एक साधी सिलेक्ट, गावांच्या टेबलमधून तालुक्याचं नाव उचलायचं. त्यावर इम्म्युटेबल लिहून दूध संकलनाच्या टेबलवर इंडेक्स टाकलेला. रिपोर्ट झटकन यायचा, सगळे खूश. निपाणी आधी चिकोडी तालुक्यात होती, नंतर वेगळा तालुका झाला, तसं आम्ही गावांच्या टेबलमधे नाव बदललं, नेमकं दहा दिवसांच्या बिलाच्या मधोमध. बिलाच्या दिवशी एका डेअरीच्या सचिवांचा फोन, "अहो, पाच दिवसांचंच दूध दिसतंय की! बाकीचं गेलं कुठं? माणसं दारात येऊन उभी हायत."

नोंदी कुठं गेल्या नव्हत्या. गावाच्या आयडीनं शोधलं की दहाही दिवस दिसायचे, तालुक्यानं शोधलं की बदलानंतरचे पाचच. दुपारभर मी जॉइन, म्हणजे टेबलांची जोडणी, तपासत बसलो, तारखा तपासल्या, शेवटी सेशनमधे इंडेक्स स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन हे इंडेक्स वापरायचे दोन्ही मार्ग बंद करून तीच क्वेरी चालवली आणि सगळ्या नोंदी आल्या. म्हणजे टेबल बरोबर, इंडेक्स चूक. नोंद टाकताना फंक्शनचं जे उत्तर निघालं तेच इंडेक्समधे बसलेलं असतं, नंतर गावांचं टेबल बदललं म्हणून कुणी ते परत काढत नाही, त्यामुळं पहिल्या पाच दिवसांच्या नोंदी इंडेक्सच्या लेखी अजून चिकोडीतच होत्या. त्या दिवशी रीइंडेक्स करून, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधून, बिलं काढली. दुसऱ्या दिवशी तो इंडेक्स काढला, फंक्शन स्टेबल केलं, संकलनाच्या टेबलवर गावाच्या आयडीचा साधा इंडेक्स टाकला आणि रिपोर्टमधे गावांच्या टेबलशी सरळ जॉइन लावली. तेव्हापासून फंक्शनच्या आत सिलेक्ट दिसली की मी इम्म्युटेबल लिहू देत नाही, कितीही घाई असू दे. लोकांच्या दुधाचे पैसे असतात ते.

दर काढायच्या फंक्शनची गोष्ट पण तशीच. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दिलं की दरपत्रकातून दर आणणारं फंक्शन सिलेक्टमधे लावलं की दिसायला लई सुटसुटीत, पण 300 उत्पादक, दिवसातून दोन वेळा, दहा दिवस, म्हणजे 6,000 वेळा आतली क्वेरी चालणार. दरपत्रकाला जॉइन करा.

आता तारीख. संकलनाच्या वेळेच्या कॉलमवर इंडेक्स आहे आणि तरी क्वेरी रखडते, कारण वेअरमधे, म्हणजे क्वेरीच्या अटीत, कॉलमभोवती तारीख काढणारं डेट फंक्शन गुंडाळलेलं असतं. कॉलमवरचा साधा इंडेक्स मग उपयोगी पडत नाही. मी नेहमी कॉलम मोकळा ठेवतो, आजच्या सुरुवातीपासून पुढं आणि उद्याच्या सुरुवातीच्या आत, एवढंच. त्यात दुसरा खड्डा टाइमझोनचा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असला आणि पहाटे 5:15 ला दूध घातलं तर तिथं आदल्या दिवशीचे रात्रीचे 11:45 वाजलेले असतात. सकाळचं दूध कालच्या खात्यात जातं! आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढं आहे, त्यामुळं 5:30 च्या आतलं सगळं दूध असं सरकतं. दिवसाची सुरुवात ठरवताना एशिया कोलकाता टाइमझोन स्पष्ट लिहा, सर्व्हरच्या सेटिंगवर सोडू नका.

नल, म्हणजे न भरलेली किंमत, त्याचं थोडक्यात. ॲव्हरेज नल सोडून देतं, म्हणजे फॅट 4, 5 आणि एक नल असेल तर सरासरी 4.5 येते, पण कोअलेस या फंक्शननं नलच्या जागी शून्य घातलं की 3 होते, आणि न मोजलेलं फॅट शून्य नसतं. बेरीज करणाऱ्या समला एकही नोंद मिळाली नाही तर नल मिळतो, तिथं मात्र कोअलेस लावून शून्य करा. मजकूर जोडणारं पोस्टग्रेसचं कॉनकॅट नलला रिकामं धरतं, मायएसक्यूएलचं कॉनकॅट पूर्ण उत्तरच नल करतं.

पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं तर पोस्टग्रेसमधे 7 भागिले 2 म्हणजे 3. पैशाचा कॉलम न्यूमेरिकच (नेमका दशांश ठेवणारा प्रकार) ठेवा, कारण राउंडला 2.5 न्यूमेरिक दिलं तर 3 येतं आणि तेच डबल प्रिसिजन (दशांश अंदाजे ठेवणारा प्रकार) असलं तर बहुतेक मशीनवर 2.

आणि आपल्या लिपीचं. येळ्ळूर हा शब्द बघा, आपण वाचतो तीन अक्षरं, पोस्टग्रेसचं लेंग्थ मात्रा आणि हलन्त पण वेगळे मोजून सांगतं 7, मायएसक्यूएलचं लेंग्थ बाइट मोजतं म्हणून 21. मायएसक्यूएलमधे कॅरॅक्टर लेंग्थ वापरा. पावतीवर नाव मावत नाही म्हणून लेफ्ट लावून पहिले चारच ठेवले की "येळ्" उरतं, पाय मोडलेला ळ. कन्नड नावांचं पण असंच होतं. मी नाव डेटाबेसमधे कापतच नाही, पावतीवर रकाना रुंद करतो नाहीतर दुसऱ्या ओळीवर जाऊ देतो.