थंडीत कुत्र्यामांजरांची ऊब कशी टिकवायची

थंडी पडली की बहुतेक लोक पहिल्यांदा स्वेटर आणतात. मी पण आणला होता, लाल, मागे टोपीवाला, फोटोत एकदम भारी. आमचा कुत्रा तो घातला की पुतळ्यासारखा उभा राहायचा, पाऊल म्हणून टाकायचा नाही. आणि रात्री झोपायचा कुठे तर उघड्या फरशीवर. म्हणजे पाठीवर लोकर आणि पोटाखाली गारेगार लादी, सकाळी उठला की मागचे पाय आखडलेले, दोन मिनिटं लंगडतच चालायचा. तेव्हा कळलं की आपण उलटीकडून सुरुवात केलीय. त्याच्या अंगात स्वतःची भट्टी आहेच, कुत्र्यामांजरांचं नॉर्मल तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा जास्त. आपलं काम एवढंच की ती ऊब बाहेर पळू द्यायची नाही. ती पळते तीन वाटांनी, खालची गार जमीन, वाऱ्याचा झोत आणि ओल.

म्हणून आधी अंथरूण बघा. जमिनीपासून ४-५ इंच वर उचलून घ्या, लाकडी फळी, जुना पाट, काहीही चालतं, त्यावर जाड गादी किंवा दोन-तीन घड्यांचं ब्लँकेट. जागा ठरवताना एक सोपी युक्ती, स्वतः तिथे पाच मिनिटं आडवं पडा. हसू नका, उभ्याने जो वारा जाणवत नाही तो दाराच्या फटीतून सरळ जमिनीलगत येत असतो आणि तुमचं मांजर नेमकं त्याच उंचीवर झोपतं. मांजरांना तसंही उंचावरची जागा आवडते, कपाटावर एखादं खोकं ठेवलं तर त्या स्वतःच जाऊन बसतील, फार लाड करायची गरज नाही.

बाहेर राहणाऱ्या कुत्र्यासाठी घर करताना सगळे एकच चूक करतात, ऐसपैस बांधतात. थंडीत मोठं घर म्हणजे गार घर, कारण आतली हवा तापवायची असते त्याच्याच अंगाने. उभं राहता येईल, गोल फिरता येईल आणि मुटकुळं करून झोपता येईल एवढंच हवं. तोंड वारा येतो त्याच्या उलट बाजूला, दाराला जाड प्लॅस्टिकचा किंवा रबराचा पडदा, तळ जमिनीपासून वर, छपराला उतार. आणि आत ब्लँकेट नको! हे ऐकून लोकांना नवल वाटतं पण ओल्या पायाने आत गेला की ब्लँकेट पाणी पितं, मग ते रात्रभर गारच राहतं. त्यापेक्षा कोरडा पेंढा भरपूर घाला, जनावर त्यात घुसून बसतं आणि पेंढा पाणी धरून ठेवत नाही. ओला झाला की फेकून नवा घालायचा. गल्लीतल्या मांजरांसाठी पण हेच छोट्या मापात, थर्माकोलचा बॉक्स, ६ इंचाचं भोक, आत पेंढा, वर एखादा दगड म्हणजे उडून जाणार नाही.

थंडी सगळ्यांना सारखी वाजत नाही. दाट दुहेरी केसांचा कुत्रा गारठ्यात लोळण घेतो आणि आखूड केसांचा, बारीक अंगाचा बिचारा कुडकुडतो. पिल्लं, म्हातारी, आजारी, नुकतं ऑपरेशन झालेली, यांना जास्त जपा. पारा ७ अंशांच्या खाली गेला की छोट्या आणि बारीक कुत्र्यांचं बाहेर फिरणं आवरतं घ्या, शून्याच्या खाली तर शी-शू करून लगेच घरात. स्वेटर अशांसाठीच, पण तो कोरडा हवा, काखेत काचणारा नको, आणि रोज काढून केस विंचरा नाहीतर गुंता होऊन खाली कातडी लाल होते. बर्फात मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलात तर पंजे कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या मधली जागा नीट पुसा, ते चाटून पोट बिघडतं. सांधे धरणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला पहाटे ओढत नेऊ नका, ऊन वर आल्यावर न्या, कुणी मेडल देत नाहीये.

आंघोळ कमी करा. केलीच तर मुळापर्यंत वाळवून मगच सोडा, वरून कोरडे वाटणारे केस आत ओले असतात.

आता हीटर वगैरे. गरम पाण्याची पिशवी चालते पण टॉवेलमध्ये गुंडाळून आणि अंथरुणाच्या एकाच बाजूला, म्हणजे गरम वाटलं तर त्याला सरकता येईल. हीटिंग पॅडचंही तेच, म्हातारं किंवा गुंगीत असलेलं जनावर उठून बाजूला होत नाही आणि पोट भाजतं, केसांमुळे आपल्याला दिसतही नाही. वायर चावणारं पिल्लू घरात असेल तर पॅडचा विचारच सोडा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो तुम्हालाही मारतो आणि मांजरालाही. घरात पक्षी असेल तर अजून एक, नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की निघणारी वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते, काही हीटरच्या आत तसाच थर असतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून आणि अशा हीटरपासून लांबच ठेवा. पिंजऱ्यावर रात्री कापड टाकायचं पण हवेला वाट ठेवून.

सर्दी वाटली म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामोल मांजराला देणं हा तर सरळ खूनच आहे, एक गोळी पुरते. कुत्र्यालाही स्वतःच्या मनाने देऊ नका. दुसरं विष म्हणजे गाडीचं कूलंट, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं म्हणून कुत्री चाटतात, मांजराला चमचाभरही जीवघेणं ठरतं. सांडलं तर लगेच पुसा, आणि चाटल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे पळा, इथे तासांवर हिशोब असतो. गाडीचा विषय निघालाच आहे तर सकाळी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, गरम इंजिनात मांजरं झोपलेली असतात.

बाहेरच्या कुत्र्याला थंडीत थोडं जास्त खाणं लागतं कारण भट्टीला सरपण हवं. घरात लोळणाऱ्याला नाही, त्याचं फक्त वजन वाढतं. पाणी मात्र दोघांनाही, थंडीत ती कमी पितात, म्हणून कोमट करून ठेवा, आणि बर्फ पडतो तिथे धातूचं भांडं नको, जीभ चिकटते.

ससे गारवा सहन करतात पण ओल आणि झोत नाही. हॅमस्टर फार गारठला तर निपचित पडतो, मेला समजून पुरू नका, आधी हातात धरून हळूहळू ऊब देऊन बघा. पाण्यातल्या लाल कानाच्या कासवाला पाणी २४ अंशांच्या आसपास लागतं, फार गार झालं तर ते खाणं सोडतं.

नवजात पिल्लं वेगळाच विषय. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना स्वतःचं तापमान राखता येत नाही. गार पडलेलं पिल्लू सापडलं की आपला हात आधी दुधाकडे जातो, तिथेच थांबा. गार अंगात दूध पचत नाही, फुप्फुसात जाऊ शकतं. आधी छातीशी धरून सावकाश ऊब द्या, अंग गरम लागलं आणि चोखायला लागलं की मग खाणं.

मोठ्या जनावरात धोका ओळखायचा असा, आधी कुडकुडतं, मग सुस्त होतं, पाय लटपटतात, हिरड्या फिक्या पडतात. कुडकुडणं थांबलं आणि तरी ते गारच लागतंय तर बरं वाटतंय असं समजू नका, ते जास्त वाईट आहे. कोरडं करा, ब्लँकेटमध्ये गुंडाळा, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात घालून पोटाशी ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका, आणि डॉक्टरला फोन. कानाची टोकं किंवा शेपूट पांढरी, कडक वाटली तर चोळायचं अजिबात नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घरात ठेवा, टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात इंचभर, ३७ अंश सेल्सियसच्या खाली दाखवला तर डॉक्टरकडे निघाच. आणि त्या थर्मामीटरवर मार्करने मोठं नाव टाका कुत्र्याचं, आमच्याकडे एकदा घोळ झालाय.