बेशुद्ध पेशंटचं तोंड कसं साफ करायचं आणि तोंडात पाणी का टाकायचं नाही

पेशंट बेशुद्ध असला की घरचे सलाईन किती उरली, लघवीची पिशवी भरली का, मॉनिटरवर आकडा किती हे सगळं बघतात पण तोंडात काय चाललंय ते कुणी बघत नाही. तो माणूस गिळत नाही, तोंड उघडं टाकून श्वास घेतो, वरून ऑक्सिजन चालू, मग लाळ सुकते, जिभेवर खपली धरते, जंतू वाढतात आणि तीच घाण हळूहळू छातीत उतरून न्यूमोनिया होतो. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर तोंड अजूनच लवकर सुकतं. आणि कापसाच्या सीझनला फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट येतात, त्यांना त्या विषावरचं औषध अ‍ॅट्रोपिन चालू असतं, त्याने तोंड पार कोरडंठाक पडतं, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

सगळ्यात आधी हे ऐका, तोंडात पाणी टाकू नका. चमचाभर पण नाही. चहा, नारळपाणी, गंगाजल, तुळशीचं पाणी, काहीच नाही, कारण गिळता येत नसल्यामुळे ते सरळ श्वासनलिकेत जातं. घरातली म्हातारी माणसं आशेने तांब्या घेऊन येतात, त्यांना हाडूतहुडूत करू नका, बोट ओलं करून ओठांना बाहेरून लावू द्या, तेवढ्याने त्यांचं समाधान होतं. तूप-तेल पण तोंडात नको, ते फुफ्फुसात गेलं तर वेगळाच त्रास.

तोंडात नळी असेल, व्हेंटिलेटर असेल तर तुम्ही हात लावू नका, ते काम सिस्टरचंच, नळी हलली तर जिवावर बेतेल. नळी नसेल तरी पहिल्यांदा सिस्टरसोबतच करा आणि सक्शन मशीन, म्हणजे तोंडातली लाळ-पाणी ओढून घेणारं यंत्र, चालू आहे ना ते बघून घ्या.

सामान साधंच आहे, ग्लोव्हज, लहान मुलांचा मऊ ब्रश, गॉज (जाळीदार पट्टीचे तुकडे), नॉर्मल सलाईन (निर्जंतुक मिठाचं पाणी), टॉर्च, टॉवेल, किडनी ट्रे (गालाखाली धरायचा वाकडा ट्रे). पेशंटला कुशीवर वळवा, जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून डोक्याकडची बाजू ३० ते ४५ डिग्री वर करा आणि तोंड एका बाजूला वळवा. मानेला मार असेल तर वळवायचं नाही, आधी विचारायचं. गालाखाली टॉवेल आणि ट्रे. मग त्यांना सांगा, ऐकू येत असेल नसेल तरी सांगा, "नाना, तुमनं तोंड साफ करस हां." अचानक तोंडात काही गेलं तर बेशुद्धीतही माणूस दचकतो, दात आवळतो.

बोट दातांमध्ये कधीच घालू नका, चावलं तर सुटत नाही. जीभ दाबायच्या लाकडी पट्टीला गॉज गुंडाळून ती दाढांच्या बाजूने हळू सरकवा, जोर लावायचा नाही. ब्रश सलाईनमध्ये बुडवून झटकून घ्या, थेंब गळायला नको. दात, हिरड्या, गालाची आतली बाजू, मग जीभ मागून पुढे, फार मागे गेलात तर उलटी येईल. जमलेलं पाणी लगेच सक्शनने ओढून घ्यायचं. खपली वाळलेली असेल तर खरवडू नका, रक्त येतं, ओला गॉज चिमट्यात घट्ट धरून थोडा वेळ त्यावर ठेवा, मऊ झाली की आपोआप सुटते. गॉज किती आत गेले किती बाहेर आले ते मोजा. मिश्री लावणाऱ्या बायांच्या हिरड्यांवर काळा थर असतो, तो एका दिवसात काढायचा हट्ट नको.

ब्रश दिवसातून दोनदा, पण ओल्या गॉजने पुसणं आणि ओठ ओले ठेवणं दर २ ते ४ तासांनी, रात्रीसुद्धा. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना व्हॅसलीनऐवजी पाण्यात विरघळणारं जेल मागा. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं माऊथवॉश मनाने वापरू नका, व्हेंटिलेटरच्या पेशंटसाठी २०२२ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये ब्रशवर भर दिलाय आणि क्लोरहेक्सिडीन टाळायला सांगितलंय, तरी तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर त्यांचं ऐका.

पांढरे चट्टे, फोड, रक्त किंवा हलणारा दात दिसला तर लगेच सांगा, हलणारा दात घशात जाऊ शकतो. कवळी असेल तर पहिल्याच दिवशी काढून, धुवून, नाव लिहिलेल्या डबीत पाण्यात ठेवा. रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवली तर ती चादरीबरोबर लाँड्रीत जाते आणि मग सापडत नाही.