नव्या लॅपटॉपमधली नको असलेली सॉफ्टवेअर काढताय? या चुका टाळा

भाचीला यंदा इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि गणपतीच्या आधीच घरात नवा लॅपटॉप आला. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला तिचा फोन. "मामा, ब्राइटनेसची बटणं चालत नाहीयेत. माइक बंद करायचं बटणही गेलं. दुकानात परत देऊ का?" लॅपटॉपमध्ये बिघाड काहीच नव्हता. तिने एक व्हिडिओ बघितला आणि जे ओळखीचं नाही ते सगळं काढून टाकलं. चाचणीपुरता फुकट दिलेला अँटिव्हायरस गेला, दोन खेळ गेले, शॉपिंगचं एक ॲप गेलं आणि त्यांच्याबरोबर कीबोर्डची खास बटणं चालवणारं छोटं सॉफ्टवेअरही गेलं.

साफसफाई करायचं तिने ठरवलं ते अगदी योग्य होतं. असल्या बऱ्याच सॉफ्टवेअरसाठी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला पैसे मिळतात. ती मेमरी खातात, लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लावतात आणि ऐन परीक्षेत 'तुमची सुरक्षा संपली' असे इशारे दाखवतात. शिवाय प्रश्न फक्त वेगाचा नाही. २०१४ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर आधीपासून घालून दिलेलं होतं. त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठली साइट खरी मानायची, हे ठरवणारा दाखला) बसवलं होतं, त्यामुळे बँकेच्या साइटशी होणारं सुरक्षित संभाषणही मध्येच उघडता येत होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झालं. तेव्हा नुसतं सॉफ्टवेअर काढून भागलं नाही, कारण सर्टिफिकेट मागे तसंच राहत होतं; ते काढायला कंपनीला वेगळं टूल द्यावं लागलं. म्हणून काढायचं ते काढाच, पण कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे आधी बघून घ्या.

यादी न वाचता काढत सुटणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून इथे जरा थांबतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडा. काहीही काढण्याआधी मोबाइलने त्या यादीचे फोटो काढून ठेवा, वरपासून खालपर्यंत. तीन-चार फोटोंत काम होतं. पुढे काही बिघडलं तर काय होतं आणि काय गेलं, हे त्यावरूनच कळतं.

बेधडक काढता येतील अशी नावं सहज ओळखू येतात: चाचणीपुरते अँटिव्हायरस आणि व्हीपीएन, खेळ, खरेदीची ॲप्स, सवलतींच्या जाहिराती दाखवणारी ॲप्स, मुदतीपुरतं क्लाउड स्टोरेज. यांच्याशिवाय लॅपटॉपचं काहीही अडत नाही.

फसगत होते ती कंटाळवाण्या नावांपाशी. रिअलटेक, सिनॅप्टिक्स, इलॅन, गुडिक्स, इंटेल, एएमडी ही नावं दिसली की हात आवरा. आवाज, टचपॅड, बोटाचा ठसा आणि स्क्रीन यांची कामं यांच्याकडे असतात. आवाज सुधारणारं डॉल्बी काढलं तर लॅपटॉप बंद पडत नाही, पण स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखे वाजायला लागतात. 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' या नावाच्या पाच-सहा ओळी दिसतात आणि एकच वस्तू पाचदा आली असं वाटतं. तसं नाही. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरला वेगवेगळी आवृत्ती लागते, त्यामुळे सगळ्या राहू द्या. 'एज वेबव्ह्यू टू रनटाइम'लाही हात लावू नका. तुम्ही एज ब्राउझर कधी उघडत नसाल, तरी टीम्स आणि नवं आउटलुक आपल्या खिडक्या त्याच्यावरच उभ्या करतात.

लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या ॲप्सचं काय करायचं, हे मात्र बघून ठरवावं लागतं. मायआसुस किंवा लेनोव्हो व्हँटेज यांसारखी ॲप्स जाहिरातीही दाखवतात, त्यामुळे राग येणं साहजिक आहे. पण बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याचदा त्यांच्यातच असते. होस्टेलवर दिवसभर चार्जर लावून बसणाऱ्या मुलांच्या बॅटरीचं आयुष्य त्या एका सोयीने वाढतं. बायॉसचे (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरचे) अपडेटही तिथून मिळतात. माझं मत विचाराल तर हे ॲप ठेवा, त्याच्या सूचना बंद करा आणि त्याच कंपनीचं 'नोंदणी करा', 'वॉरंटी वाढवा' असं मागे लागणारं दुसरं ॲप असेल तर ते काढा. आसुसचं 'सिस्टिम कंट्रोल इंटरफेस', एचपीचं 'सिस्टिम इव्हेंट युटिलिटी', लेनोव्होचं 'हॉटकीज' ही तर कीबोर्डच्या खास बटणांमागची मंडळी आहेत. त्यांना धक्का लावू नका.

हात आधीच लागला असेल तर काय? भाचीला लॅपटॉप उलटा करायला लावला. तळाच्या बारीक स्टिकरवरचा सिरियल नंबर तिने मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचून दाखवला. एका जागी शून्य आहे की ओ, यात आमची पाच मिनिटं गेली. कंपनीच्या सपोर्ट पानावर तो नंबर टाकला की नेमक्या त्याच मॉडेलचे ड्रायव्हर (लॅपटॉपचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) समोर येतात. हॉटकीचं पॅकेज उतरवलं, बसवलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि बटणं चालू झाली. हे पॅकेज कुठल्या तरी 'ड्रायव्हर डाउनलोड' साइटवरून घेऊ नका, तिथे नको असलेली आणखी चार सॉफ्टवेअर गळ्यात पडतात.

ऑफिस 'ट्रायल' समजून उडवणं

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपच्या किमतीत 'ऑफिस होम' (२०२१च्या आवृत्तीपर्यंत 'ऑफिस होम अँड स्टुडंट') धरलेलं असतं. ते चाचणीपुरतं नसतं, कायमचं असतं. खोक्यावर किंवा बिलावर त्याचा उल्लेख आहे का ते आधी बघा. असेल तर पहिल्याच दिवशी वर्ड उघडून स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा आणि लायसन्स स्वीकारा. ते एकदा खात्याला जोडलं गेलं की ऑफिस काढलं काय आणि विंडोज पुन्हा टाकलं काय, खात्यावरून परत उतरवता येतं. हे करायच्या आधीच फॉरमॅट मारला तर पुढे उगाच धावपळ होते.

'स्वतःच्या' या शब्दावर माझा जोर आहे. दुकानात 'आम्ही चालू करून देतो' म्हणतात आणि तिथल्याच कुणाच्या तरी ईमेलवर लॅपटॉप सुरू होतो. मग ऑफिसचं लायसन्सही त्या खात्यात जातं आणि डिस्कच्या कुलपाची किल्लीही. सीलबंद खोकं घरी आणा आणि घरीच उघडा.

अँटिव्हायरसवर अँटिव्हायरस

जुना न काढताच दुसरा बसवायचा, ही घाई नको. दोन्ही एकाच फाइलवर तुटून पडतात आणि लॅपटॉप रांगायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच पडू देणं, कारण तो असतो म्हणून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, मागे सरलेला असू शकतो. यादीत त्या कंपनीच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी असतात. ब्राउझरसाठीचा भाग अनेकदा वेगळा असतो. सगळ्या काढा आणि रीस्टार्ट करा. तरी काही चिकटून राहिलं तर मॅकॅफी, नॉर्टन यांची स्वतःची काढून टाकायची टूल्स त्यांच्याच साइटवर मिळतात. शेवटी 'विंडोज सिक्युरिटी' उघडून डिफेंडर चालू झाला का, हे डोळ्यांनी बघा. तो आपोआप चालू होतो, पण बघितल्याशिवाय उठू नका.

फोल्डर डिलीट करणं, क्लीनर आणणं, स्क्रिप्ट चालवणं

'प्रोग्रॅम फाइल्स'मधलं फोल्डर उडवलं म्हणजे सॉफ्टवेअर गेलं, असं होत नाही. त्याच्या सर्व्हिसेस आणि नोंदी राहतात, आणि नीट काढून टाकणारी फाइल मात्र त्या फोल्डरबरोबर जाते. असं झालं असेल तर तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवा आणि मग यादीतून रीतसर काढा. स्टार्ट मेन्यूवरून 'अनपिन' करणं म्हणजेही काढणं नव्हे, त्याने फक्त चित्र जातं.

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची वही) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरची नव्या लॅपटॉपला गरज नसते. क्लीनरही सुरक्षितच असतो असं धरून चालू नका: २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती खुद्द कंपनीच्या अधिकृत वाटेनेच व्हायरससकट लोकांपर्यंत पोचली होती.

पॉवरशेलमध्ये (विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीत) एक ओळ चिकटवून 'सगळं साफ' करणाऱ्या स्क्रिप्टचा सध्या सुळसुळाट आहे. त्यातल्या काही मनापासून लिहिलेल्या आहेत, हे मान्य. पण ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे हक्क देऊन, न वाचता आपण ती ओळ चालवतो. कुणी त्यात विंडोज अपडेट बंद करतं, कुणी प्रिंटरची सर्व्हिस, कुणी मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उडवतं. दोन महिन्यांनी प्रिंट निघत नाही तेव्हा त्या ओळीची आठवणही नसते. दहा-बारा ॲप्स हाताने काढायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्या.

सुरुवातीलाच एक रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून विंडोज ठेवते ती नोंद) बनवा. बऱ्याच लॅपटॉपवर ही सोय बंद असते, त्यामुळे 'सिस्टिम प्रोटेक्शन'मध्ये सी ड्राइव्हसाठी ती आधी चालू करावी लागते. ड्रायव्हर आणि सेटिंग्ज मागे न्यायला त्याचा उपयोग होतो. स्टोअरमधली ॲप्स त्याने परत येतीलच असं मात्र धरू नका.

थेट फॉरमॅट मारणं

सगळं मुळापासून स्वच्छ हवं असेल तर हाही मार्ग आहे, फक्त तयारी हवी. पहिलं म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की अनेक लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं कुलूप, आपोआप चालू होतं. बायॉसमध्ये काही बदललं तर निळ्या स्क्रीनवर ही की मागितली जाते. ती तुमच्या खात्यात डिव्हाइसच्या पानावर असते. कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बिलाला टाचून ठेवा.

विंडोजची की मात्र विकत घेऊ नका. कंपनीने विंडोज टाकून दिलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये असते. आपल्याकडे बहुतेकदा 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडलं की ॲक्टिव्हेशन आपोआप होतं.

'रीसेट धिस पीसी' केलं तर कंपनीची ॲप्स परत येऊ शकतात. 'कीप माय फाइल्स' निवडल्यावर बदल करायच्या पानावर आधीची ॲप्स परत आणायची का, असं काही लॅपटॉपवर विचारतात. तिथे 'नो' करा. पेन ड्राइव्हवरून टाकणार असाल तर तो किमान ८ जीबीचा हवा आणि दोन अडचणी गाठू शकतात. एक, इंटेलच्या काही लॅपटॉपवर डिस्कच दिसत नाही. एसएसडी गेली असं समजून घाबरू नका. कंपनीच्या पानावरचा 'रॅपिड स्टोरेज'चा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर टाकून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून द्या. दोन, वायफायचा ड्रायव्हर नसतो आणि सेटअप इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही. अशा वेळी अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लॅपटॉपला ते साध्या नेटवर्क केबलसारखं दिसतं आणि काम पुढे जातं. रिकव्हरीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा ठेवलेला भाग) थोड्या जागेसाठी पुसू नका. लॅपटॉप चालूच होईना झाला तर दुरुस्तीची साधनं तिथेच असतात.

काढलेलं परत येतंय?

मोठ्या अपडेटनंतर असं होतं. 'सेटिंग्ज'मध्ये 'पर्सनलायझेशन', मग 'स्टार्ट' उघडून शिफारशी बंद करा. टास्क मॅनेजरमधले 'स्टार्टअप ॲप्स' बघा आणि नको ते तिथेच थांबवा. कंपनीचं एखादं ॲप दरवेळी उगवत असेल तर ते कंपनीच्याच अपडेट करणाऱ्या ॲपमधून येत असण्याची शक्यता जास्त. त्याच्या सेटिंग्जमध्ये बघा.

भाचीने परवा मैत्रिणीचा लॅपटॉप साफ करायला घेतला. मला आधी चार फोटो पाठवले आणि तिसऱ्या फोटोतल्या एका नावाभोवती लाल गोल करून विचारलं, "मामा, हे गुडिक्स राहू दे ना?"