पऱ्हाटीच्या गावात बालनिरीक्षणाची फाइल कशी करायची

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. गृहविज्ञानाच्या पदवीला मानव विकास विषय होता, त्यात एका मुलाला त्याच्या घरी जाऊन बघायचं आणि टिपणांची फाइल करायची होती. माझ्या पहिल्या फाइलची सुरुवात अशी होती : ‘मूल हट्टी आहे. आई मुलाकडे लक्ष देत नाही.’ शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ ओढली. ‘हट्ट म्हणजे तुला नेमकं काय दिसलं?’ मला सांगता आलं नाही. त्या मुलाची आई सकाळी आठला कापूस वेचायला गेली होती आणि मी साडेदहाला घरी पोचले होते. ज्या बाईला मी पाहिलंच नाही, तिच्यावर शेरा मारून मोकळी झाले होते. आता गावाकडच्या मुली फाइल घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

आधी दिवस निवडा. दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढपर्यंत वेचणी असते, घरात म्हातारी माणसं आणि लहान पोट्टेच उरतात. तेव्हा एकदा सकाळी जा आणि एकदा बाया वावरातून परत येतात तेव्हा, संध्याकाळी. फक्त सकाळी गेलात तर अर्धंच घर दिसेल. परवानगी आईची घ्याच, पण सासूलाही विचारा. फाइलमध्ये मुलाचं नाव बदला, फोटो काढू नका, आणि बिस्किटाचा पुडा पहिल्याच दिवशी नेऊ नका. नेलात तर मूल दिवसभर तुमच्या पिशवीकडे बघत बसतं.

वय अंदाजानं लिहू नका. आजी सांगते, ‘पोयाच्या पुढं आठ दिवसांनी झाला.’ ते ऐकून घ्या, पण तारीख माता-बाल संरक्षण कार्डावरून किंवा अंगणवाडीच्या रजिस्टरवरून घ्या आणि वय पूर्ण महिन्यांत लिहा. 18 नोव्हेंबर 2021 ला जन्मलेलं मूल 5 मार्च 2025 ला पाहिलं, तर ते 39 महिन्यांचं. या वयात दोन-तीन महिन्यांनीही बोलण्याचालण्यात फरक पडतो, म्हणून ‘साधारण तीन वर्षं’ चालत नाही.

आता वही. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे वेळ आणि जे दिसलं-ऐकू आलं तेवढंच. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. ‘हट्टी’ हा शब्द डावीकडे कधीच येणार नाही. तिथं येईल : ‘5.10 : वाटी मागितली. बहिणीनं दिली नाही. जमिनीवर बसून पाय आपटले. 5.12 : बहिणीनं दुसरी वाटी दिली, पाय थांबले.’ पंधरा मिनिटांचं असं टिपण दहा पानांच्या वर्णनाहून जास्त सांगतं. मूल जे बोललं ते त्याच्याच बोलीत लिहा. ‘मले नाई पायजे’चं ‘मला नको’ केलंत की त्याची भाषा किती वाढली ते कळायचा रस्ताच बंद होतो.

खेळ बघायला तान्हा पोळ्याचा दिवस सोन्यासारखा. लाकडी बैल ओढणारं तीन वर्षांचं पोर त्याला पाणी पाजतं, वैरण दाखवतं. लाकडाला बैल धरणं म्हणजेच, मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ प्याजे ज्याला प्रतीकात्मक विचार म्हणतात तो, दोन ते सात वर्षांच्या टप्प्यातला. बैल नसेल तर मक्याच्या कणसाचाही बैल होतो. तो आवर्जून टिपा, विकतची खेळणी नाहीत म्हणून ‘खेळाचा अभाव’ लिहू नका.

प्याजेंचा पाण्याचा प्रयोग घरच्या भांड्यांवर होतो. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, मग एकातलं उंच, अरुंद बाटलीत ओता. विचारा, ‘कोणात जास्त हाय, का सारखंच हाय?’ पाच वर्षांचं मूल बहुतेकदा बाटली दाखवतं. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नका. आपलं पहिलं उत्तर चुकलं असं वाटून मूल ते बदलतं.

कुटुंबाचा भाग सगळ्यात कठीण, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आराखड्यात पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली. आपल्याकडे काही घरांत बापाच्या चौकोनावर फुली येते. कारण विचारू नका. सांगायचं असेल तर घर आपणहून सांगतं, आणि सांगितलं तरी मुलाच्या वाढीशी थेट संबंध नसेल तर फाइलमध्ये येऊ देऊ नका. त्याऐवजी हे विचारा : अंघोळ कोण घालतं, घास कोण भरवतं, रात्री मूल कोणाजवळ झोपतं? उत्तरं तीन वेगवेगळ्या माणसांची निघतात. मी पाहिलेल्या एका घरात चार वर्षांच्या नातवाला सत्तरीची आजीच वाढवत होती. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले, त्यांत पुढच्या पिढीला घडवणं सातव्यात, मध्यम वयात येतं. ही आजी वयानं आठव्यात, म्हातारपणाच्या टप्प्यात होती आणि काम सातव्याचं करत होती. अशी गोष्ट दिसली की तक्त्यात बसवायला ओढाताण करू नका, आहे तशी लिहा. तोंडी परीक्षेत त्याच पानावर विचारतील आणि तिथंच तुम्हाला बोलायला खरं काही असेल.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात 26 कुटुंबांच्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन तान्ही मुलं पाहिली, त्यावरचं पुस्तक 1967 साली आलं. म्हणजे आई-मुलाच्या जवळिकीचा अभ्यासही कुणाच्या तरी घरात बसूनच झालाय. ओसरीवर बसायला लाजू नका.

फाइल देण्याआधी एक काम राहतं. डावीकडचं सगळं घरच्यांना वाचून दाखवा. मी त्या आजीला वाचून दाखवलं, ‘6.05 : आईला पाहताच रडू लागला,’ आणि उजवीकडे मी विरहावर अर्धं पान लिहिलं होतं. आजी म्हणाली, ‘थो मायसाठी नाही रडला वं. रोज ते वावरातून बोरं आणते, त्या दिवशी आणली नाही म्हणून रडला.’ ते अर्धं पान मी खोडलं नाही. त्याच्या खाली तारीख घालून आजीचं वाक्य लिहिलं.